गरम झाल्यावरच थरथरणारं इंजिन: एका जुन्या गाडीच्या आयडलिंगचा माग

गाडी पेट्रोलची, चार सिलिंडरची, इंजेक्शनवाली. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, वर एकच कॅमशाफ्ट, इग्निशन डिस्ट्रिब्यूटरचं आणि टॅपेट (व्हॉल्व्ह आणि तो दाबून उघडणारा रॉकर यांच्यातली फट) स्क्रूने सेट करायचे. मीटर दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेलेला. इंजिन तापलं की आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, गाडी उभ्या जागी थरथरते, स्टेअरिंगला कंप येतो, आतला आरसा हलताना दिसतो. जरा रेस दिली की सगळं शांत. सकाळी पहिल्यांदा सुरू केल्यावर मात्र जवळजवळ काहीच जाणवत नाही.

आमच्याकडे येईपर्यंत या तक्रारीवर बरंच काम झालं होतं. प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्यूटर कॅप आणि रोटर नवे होते. थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह (आयडलिंगला लागणारी हवा सोडणारा) साफ केलेले, इंजेक्टर काढून धुतलेले, ऑक्सिजन सेन्सर बदललेला. शेवटी इनटेक मॅनिफोल्डचं (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केटही बदललं होतं. थरथर होती तशीच. मालकांनी प्रत्येक कामाचा कागद जपून ठेवला होता आणि त्याचा मला फार उपयोग झाला. कोणता भाग कधी बदलला आणि त्याने काय फरक पडला, ही माहिती जुन्या गाडीच्या बाबतीत स्कॅनरइतकीच मोलाची असते.

बोलता बोलता दोन गोष्टी कळल्या. गाडीवर पूर्वी बरीच वर्षं गॅस किट होतं, ते नंतर काढून टाकलं. दुसरी गोष्ट मालकांनी कौतुकाने सांगितली: "थरथर सोडली तर इंजिन एकदम सायलेंट आहे बघा, टॅपेटचा आवाजसुद्धा येत नाही." त्या वेळी मी ते फक्त वहीत टिपून घेतलं.

आधीच्यांचा संशय आणि त्यामागचं कारण

सगळ्यांचा संशय एकाच गोष्टीवर होता: मॅनिफोल्ड कुठून तरी हवा ओढतंय. या संशयाला आधार होता. ईसीयूमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) पी-०१७१ हा मिश्रण पातळ असल्याचा कोड एकदा नोंदला गेला होता. गरम इंजिनावर आयडलिंगला शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म ट्रिमची (ईसीयूने ठरल्यापेक्षा पेट्रोल किती वाढवलं वा घटवलं त्या टक्क्यांची) बेरीज अधिक १९ टक्क्यांच्या आसपास होती. रेस धरून २५०० आरपीएमवर नेली की तीच बेरीज अधिक ३ वर यायची. आयडलिंगला ट्रिम वर आणि वेग वाढला की जागेवर, ही बाहेरून हवा शिरण्याची सर्वांना ठाऊक असलेली खूण. कारणही सरळ आहे. चिरेतून येणारी हवा साधारण तेवढीच राहते, पण आयडलिंगला इंजिन मुळात थोडी हवा घेत असल्याने तिचा वाटा मोठा पडतो आणि रेस दिल्यावर नगण्य होतो.

त्यात गॅस किट काढल्यावर मॅनिफोल्डच्या नळ्यांवर बसवलेल्या रबरी टोप्यांपैकी एक तडकलेली सापडली. ती बदलली, मग गॅस्केट बदललं, पण ट्रिम हललं नाही. इथे थांबून विचार व्हायला हवा होता. हवेची चीर बंद केल्यावर ट्रिम जराही खाली येत नसेल, तर आणखी चिरा शोधण्याआधी मुळात चीर आहे का, हेच पुन्हा तपासायला हवं.

माझ्या मते या प्रकरणाचा निकाल लावणारी नोंद स्कॅनरवरच दिसत होती, फक्त दोन ओळी खाली. या गाडीत हवा मोजणारा मीटर नाही. ईसीयू मॅनिफोल्डमधला दाब, हवेचं तापमान आणि आरपीएम यांवरून हवेचा हिशोब करतो. अशा गाडीत बाहेरून हवा शिरली की मॅनिफोल्डचा दाब वाढतो, ईसीयू ती हवा हिशोबात धरतो, त्या मानाने पेट्रोल सोडतो आणि आरपीएम चढायला लागतो. मग तो आवरण्यासाठी आयडल व्हॉल्व्ह बंदीकडे नेतो. म्हणजे हवेची गळती असती, तर आयडल व्हॉल्व्ह नेहमीपेक्षा जास्त बंद दिसायला हवा होता आणि ट्रिम एवढं वर जायचं कारण नव्हतं.

प्रत्यक्षात उलटं दिसत होतं. चांगल्या स्थितीत याच जातीच्या इंजिनावर आयडल व्हॉल्व्हची ड्यूटी (तो किती उघडा आहे ते) ३० टक्क्यांच्या आसपास असते, इथे ती ४४ होती. मॅनिफोल्डचा दाब ३४-३५ किलोपास्कल अपेक्षित होता, तो ४६ होता. आरपीएम मात्र बरोबर ७५० वर धरलेला. थोडक्यात, ईसीयू जास्तीची हवा अडवत नव्हता, तो मागून घेत होता. इंजिनाची ताकद कुठेतरी वाया जात होती आणि तेवढाच आरपीएम टिकवायला जास्त हवा-पेट्रोल लागत होतं.

मग ट्रिम अधिक का? ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल मोजता येत नाही, त्याला कळतो तो ऑक्सिजन. एखाद्या सिलिंडरमधलं मिश्रण न जळता किंवा अर्धवट जळून एक्झॉस्टमध्ये गेलं, तर त्यातला ऑक्सिजन सेन्सरसमोरून जातो आणि सेन्सर मिश्रण पातळ असल्याचं सांगतो. ईसीयू बिचारा चारही सिलिंडरचं पेट्रोल वाढवतो. रेस दिल्यावर तो सिलिंडर नीट पेटायला लागला की ट्रिम खाली येतं. हवा ओढणारं मॅनिफोल्ड आणि एक अशक्त सिलिंडर, नुसतं ट्रिम पाहिलं की दोघांची गल्लत होते. त्यातला फरक कळतो तो आयडल व्हॉल्व्हच्या आकड्यावरून.

एकच सिलिंडर की सगळे?

सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरून पाहणं ही जुन्या मेकॅनिकांची पद्धत, आणि मी ती अजून वापरतो. सगळे सिलिंडर सारखे चालत असतील तर पट्टी एकसारखी बाहेर फडफडते. इथे गरम इंजिनावर ती ठरावीक तालात मध्येच आत ओढली जाऊन नळीच्या कडेला चिकटायची आणि पुढच्या क्षणी सुटायची. ७५० आरपीएमला एका सिलिंडरचा पॉवर स्ट्रोक सेकंदाला सहाच्या थोडा वर येतो. पट्टी जवळपास त्याच चालीने चिकटत होती. यावरून कोणता सिलिंडर ते कळत नाही, पण दोष एकाच ठिकाणचा असावा एवढा अंदाज येतो. ट्रिम सगळ्या सिलिंडरची सरासरी सांगतं, पट्टी तसं करत नाही.

मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावला. समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिनाचा काटा आयडलिंगला पाऱ्याच्या १८ ते २० इंचांवर स्थिर असतो. दर हजार फूट उंचीला साधारण एक इंच कमी धरायचा. इथे काटा १६ च्या आसपास होता आणि सारख्या अंतराने दोन-अडीच इंच खाली झटका देत होता. टायमिंग बेल्ट एक दात चुकला असेल तर व्हॅक्यूम कमी दाखवतो, पण काटा स्थिर राहतो. नियमित झटका एखाद्या व्हॉल्व्हकडे बोट दाखवतो. तरी नुसत्या काट्यावरून हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह बसवलेला भाग) उतरवायचा निर्णय मी घेत नाही. काट्याच्या हालचालींचे तक्ते छापील मिळतात, पण प्रत्यक्ष गाडीत दोन दोष एकत्र असले की काटा तक्त्याप्रमाणे वागत नाही.

पुढचं काम सिलिंडर एकेक करून बंद करण्याचं. यासाठी मी प्लगची वायर उपसत नाही, इंजेक्टरचा कनेक्टर काढतो. वायर काढली तर ठिणगीला वाट न मिळाल्याने कॉइलवर ताण येतो, आणि त्या सिलिंडरचं कच्चं पेट्रोल थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणाऱ्या डब्यात) जाऊन तिथे जळतं. शिवाय आयडल व्हॉल्व्ह चालू ठेवला तर ईसीयू दोन सेकंदांत आरपीएम सावरून घेतो आणि फरक झाकला जातो. म्हणून व्हॉल्व्हचा कनेक्टर काढून आयडलिंग स्क्रूने ९०० च्या आसपास धरलं आणि मग एकेक इंजेक्टर बंद केला.

थंड इंजिनावर चारही सिलिंडरना आरपीएम जवळपास सारखा पडला, तिसऱ्याला थोडा कमी. इंजिन पूर्ण गरम करून, रेडिएटरचा पंखा एकदा चालू-बंद होऊ देऊन तीच चाचणी पुन्हा केली. पहिला, दुसरा, चौथा बंद केल्यावर आरपीएम १२० ते १३० ने खाली आला. तिसरा बंद केल्यावर जेमतेम ३० ने. म्हणजे गरम झाल्यावर तिसरा सिलिंडर कामात जवळपास नव्हताच. थंड इंजिनावर तपासणाऱ्याला तो ठीकच वाटणार. थंड असताना ईसीयू मुळात आरपीएम जास्त ठेवतो, त्यामुळे थरथरही लपते.

मिसफायरचा कोड का आला नाही, असा प्रश्न इथे पडतो. ईसीयू क्रँकच्या वेगातला चढउतार पाहून मिसफायर ओळखतो. तिसरा सिलिंडर पूर्ण मेलेला नव्हता, अर्धामुर्धा पेटत होता. चढउतार ठरलेल्या मर्यादेखाली राहिला, म्हणून कोड नोंदला गेला नाही. कोड नाही म्हणजे मिसफायर नाही, असं धरून चालता येत नाही.

तिसऱ्या सिलिंडरचं दुखणं कोणतं

पेटायला तीन गोष्टी लागतात: ठिणगी, पेट्रोल आणि दाब. पहिल्या दोन तपासायला अदलाबदल हा सर्वांत प्रामाणिक मार्ग. तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यात, वायर चौथ्याशी, इंजेक्टर पहिल्याशी असे बदल एकेक करून केले आणि प्रत्येक वेळी इंजिन गरम करून इंजेक्टर बंद करण्याची चाचणी घेतली. दोष तिसऱ्यातच राहिला, कोणत्याही भागाबरोबर हलला नाही. तिसऱ्याचा प्लग बाकीच्यांपेक्षा काळपट होता, पण ते अर्धवट जळण्याचं लक्षण आहे, कारण नव्हे.

ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा एक्झॉस्ट वायू परत मॅनिफोल्डमध्ये सोडणारा) उघडा अडकला तरी आयडलिंगला थरथर, रेसला ठीक आणि मॅनिफोल्डचा दाब जास्त, असंच चित्र दिसतं. म्हणून त्याच्या तोंडाला पातळ पत्रा लावून पाहिलं. फरक नाही. तसाही तो दोष सहसा एका सिलिंडरपुरता राहत नाही.

उरला दाब. कॉम्प्रेशन आधीही तपासलेलं होतं आणि कागदावर आकडे होते: १७६, १७४, १५८, १७८ पीएसआय. या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलप्रमाणे किमान १३५ हवं आणि सिलिंडरांमधला फरक २८ च्या आत हवा. त्या हिशोबाने इंजिन पास. पण तिसऱ्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा सोळा ते वीसने कमी आहे आणि तक्रार त्याच सिलिंडरची आहे, हे दोन्ही शेजारी ठेवलं की 'पास' शब्दावर विसंबता येत नाही. ती चाचणी थंड इंजिनावर झाली होती. तक्रार गरम इंजिनाची, तर चाचणीही गरम इंजिनावरच हवी.

इंजिन पूर्ण तापवलं. चारही प्लग काढले, इंजेक्टर आणि इग्निशनचे कनेक्टर काढले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला आणि बॅटरीला चार्जर लावून ठेवला. हे भराभर करावं लागतं, कारण इंजिन बंद झाल्या क्षणापासून व्हॉल्व्ह थंड होत जातात. आकडे आले १७५, १७६, १२२, १७७. तिसऱ्यात प्लगच्या भोकातून थोडं इंजिन ऑइल सोडून पुन्हा घेतलं तर १२६. रिंगा गळत असत्या तर ऑइलने फट भरून आकडा चांगलाच वर गेला असता. तो गेला नाही, म्हणजे गळती वरून होती.

लीक-डाउन चाचणीत पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून १०० पीएसआय दाबाची हवा सोडली. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि क्रँकच्या बोल्टवरचा पाना आधी काढून घेतलेला. पिस्टन टोकापासून जरा जरी सरकलेला असेल तरी हवा क्रँक फिरवते आणि राहिलेला पाना हात मोडू शकतो. बाकीच्या सिलिंडरची गळती ८ ते १० टक्के होती, तिसऱ्याची ३२. आता कान लावायचा. ऑइल भरायच्या तोंडातून आवाज आला तर रिंगा, थ्रॉटल बॉडीतून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. तिन्ही ठिकाणी विशेष काही नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी गेलो तर आतून 'सूं' असा बारीक, न थांबणारा आवाज. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नव्हता.

टॅपेट

इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं आणि सकाळी वरचं कव्हर काढलं. या इंजिनाची टॅपेट सेटिंग थंड असतानाच पाहायची: इनटेक ०.१८ ते ०.२२ मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७. तिसऱ्या सिलिंडरच्या दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हपैकी एकाखाली फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पत्र्यांच्या जुडीची) ०.२० ची पट्टी गेली. दुसऱ्याखाली फीलर गेजमधली सर्वांत पातळ, ०.०४ ची पट्टीही शिरेना. रॉकर बोटांनी हलवून पाहिला तर किंचितही खडखड नाही. चौथ्या सिलिंडरचा एक एक्झॉस्ट ०.१५ वर होता. बाकी सगळे मर्यादेच्या खालच्या बाजूला. मालकांना ज्याचं कौतुक होतं ती शांतता इथून येत होती.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह चालू इंजिनात प्रचंड तापतो, भार असताना ७०० ते ८०० अंश सेल्सिअसपर्यंत. तापला की त्याचा दांडा लांबतो. त्या वाढीसाठीच टॅपेटला फट ठेवलेली असते. फट मुळातच नसेल तर तापलेला दांडा रॉकरला टेकतो आणि व्हॉल्व्हचं तोंड सीटवर (हेडमधल्या बैठकीच्या कडीवर) पूर्ण बसत नाही. थंड असताना तो कसाबसा बसतो, म्हणून सकाळी तक्रार नाही.

रेस दिली की गाडी ठीक का होते, याचं उत्तर वेळेत आहे. ७५० आरपीएमला कॉम्प्रेशनचा एक स्ट्रोक सुमारे ४० मिलिसेकंद चालतो, २५०० ला १२. फट तेवढीच, पण हवा निसटायला मिळणारा वेळ तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. शिवाय रेसमध्ये सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते, त्यामुळे निसटून उरलेलंही पेटायला पुरेसं असतं. आयडलिंगला भरणच थोडं, त्यातलं बरंचसं निसटलं की मागे उरतं ते धड पेटत नाही.

आणि फट कमी का झाली? लोकांना वाटतं की झिजेने फट वाढते. रॉकर किंवा कॅम झिजला तर वाढतेच. पण व्हॉल्व्हचं तोंड आणि सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, दांड्याचं टोक रॉकरच्या जवळ येतं आणि फट घटते. गॅसवर चालणाऱ्या इंजिनात ही झीज जास्त होते. गॅस इंजिनात कोरडाच येतो, पेट्रोलच्या थेंबांमुळे व्हॉल्व्हला आणि सीटला मिळणारा गारवा त्याच्याकडून मिळत नाही. म्हणून गॅस किट असलेल्या गाडीचे टॅपेट मॅन्युअलमधल्या मुदतीपेक्षा लवकर तपासले पाहिजेत. या गाडीच्या जपून ठेवलेल्या कागदांत टॅपेट तपासल्याची एकही नोंद नव्हती.

हे काम का सुटतं, तेही मला समजतं. वाजणारा टॅपेट घेऊन माणूस गॅरेजमध्ये येतो, घट्ट झालेला टॅपेट काही बोलत नाही. उलट इंजिन शांत झालं म्हणून बरंच वाटतं. खरं म्हणजे जुन्या, स्क्रू टॅपेटच्या इंजिनाला थंड असताना हलकी टकटक असावीच. ती पूर्ण गेली असेल तर मला काळजी वाटते.

सेटिंगवर थांबायचं की हेड उतरवायचं

सगळे टॅपेट सेट केले, एक्झॉस्ट ०.२५ वर, इनटेक ०.२० वर. इंजिन गरम केलं. थरथर बरीच कमी झाली. आयडल व्हॉल्व्ह ४४ वरून ३६ वर आला, ट्रिमची बेरीज अधिक १९ वरून अधिक ८ वर. इतका फरक की गाडी लगेच परत देता आली असती आणि मालक आनंदाने घेऊन गेले असते.

पण लीक-डाउन पुन्हा केलं तेव्हा तिसऱ्याची गळती ३२ वरून २१ वरच आली होती. टॅपेट मोकळा करूनही व्हॉल्व्ह गळत होता, म्हणजे कड खराब झाली होती. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सुमारे तीन चतुर्थांश उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जाते, आणि तीही व्हॉल्व्ह बंद असतानाच. नीट न बसणाऱ्या व्हॉल्व्हला ही वाटच बंद. वर पेटलेला वायू त्याच फटीतून जातो. एकदा कड जळायला लागली की ती आपोआप भरून येत नाही, जळतच जाते. प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून पाहिलं, तर त्या व्हॉल्व्हच्या कडेवर एका बाजूला फिकट डाग होता, बाकीच्यांचा रंग चहूबाजूंनी सारखा होता. सुरुवातीला नुसती काजळी अडकलेली असेल तर थोडं चालवल्यावर गळती आणखी उतरते, म्हणून गाडी काही दिवस चालवून पुन्हा मोजायचं ठरलं. काजळी असती तर फायदा झाला असता. गळती २० वरच राहिली.

मालकांना दोन्ही बाजू सांगितल्या. अशीच चालवली तर काही महिने कदाचित चालेल, पण कडेचा तुकडा पडला तर पिस्टन आणि हेड दोन्ही जाऊ शकतात, आणि तोवर कच्च्या पेट्रोलने कन्व्हर्टर जळत राहील. गाडी ठेवायची असेल तर हेड आत्ताच उतरवावं, असं माझं स्पष्ट मत होतं. त्यांनी होकार दिला.

हेड बाहेर आल्यावर ते उलटं ठेवून, प्लग लावून, ज्वलनकक्षांत केरोसिन ओतलं. पहिला आणि दुसरा कोरडे. चौथ्याच्या एक्झॉस्टच्या बाजूला थोडा ओलावा. तिसऱ्यातून एक्झॉस्ट पोर्टमध्ये लगेच थेंब पडायला लागले. तो व्हॉल्व्ह हातात घेतला. चांगल्या व्हॉल्व्हच्या तोंडावर सीटला टेकणारी राखाडी रंगाची सलग कडी दिसते. या व्हॉल्व्हवर ती साधारण पाव परिघात तुटली होती. तिथे तपकिरी ओघळ आणि खडबडीत खड्डे होते, आणि बाहेरची कड एका ठिकाणी नखाला अडकेल इतकी खाल्लेली. आरपार जळायला सुरुवात नुकतीच झाली होती.

तिसऱ्याचे दोन्ही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे घातले. एक्झॉस्टच्या सगळ्या सीट कापून घेतल्या, बाकीचे व्हॉल्व्ह पेस्ट लावून सीटवर घासून बसवले (लॅपिंग), व्हॉल्व्ह सील सगळे बदलले. हेडचा तळ सरळपट्टी आणि फीलरने तपासला, ०.०५ मिलिमीटरच्या आत होता, त्यामुळे प्लेनिंगची (तळ घासून सपाट करण्याची) गरज पडली नाही. टायमिंग बेल्ट उतरवलेलाच होता आणि त्याच्या वयाचा पुरावा नव्हता, म्हणून तोही नवा. हेड बोल्ट मॅन्युअलच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने टॉर्क केले. सीट कापल्या की व्हॉल्व्ह आणखी वर बसतात, त्यामुळे टॅपेट अगदी पहिल्यापासून सेट करावे लागले.

गरम इंजिनावर कॉम्प्रेशन आलं १७८, १७८, १८१, १८०. तिसऱ्याची गळती ७ टक्के. ७५० आरपीएमला आयडल व्हॉल्व्ह ३१ टक्के, मॅनिफोल्डचा दाब ३४ किलोपास्कल, व्हॅक्यूमचा काटा २० इंचांवर स्थिर. ट्रिम आयडलिंगला आणि २५०० ला दोन्हीकडे अधिक-उणे ३ च्या आत. इंजेक्टर एकेक बंद केल्यावर चारही सिलिंडरना आरपीएम सारखाच पडला. अगदी बारीक कंप अजून जाणवतो, तो उजवीकडच्या इंजिन माउंटिंगचं रबर बसल्यामुळे आहे. ते माउंटिंग पुढच्या सर्व्हिसला बदलायचं ठरलंय.

कन्व्हर्टरची काळजी होती, पण मागच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज ०.६ ते ०.७ वर जवळजवळ स्थिर आहे आणि पुढचा सेन्सर नीट वरखाली होतोय, म्हणजे कन्व्हर्टर वाचला. नव्या सीट थोड्या बसतात, म्हणून १००० किलोमीटरनंतर टॅपेट पुन्हा पाहिले. तिसऱ्याचा एक एक्झॉस्ट ०.२२ वर आला होता, तो ०.२५ वर आणला, बाकी जागेवर होते. थंड इंजिनावर आता वरून हलकी टकटक ऐकू येते. मालकांनी ती ऐकून लगेच फोन केला होता, तेव्हा त्यांना सांगितलं की ती राहू द्या, आणि पुढची टॅपेट तपासणी २०,००० किलोमीटरवर असं त्यांच्याच फाइलमध्ये लिहून दिलं.